पार्श्वसंगीत नसलेला सिनेमा

नाटकांना पार्श्वसंगीत देण्यात माझी तीसेक वर्षं गेली, म्हणून ओळख झाली की लोक हमखास विचारतात, "पार्श्वसंगीत सगळ्यात जास्त आवडलं असा सिनेमा कोणता?" मी 'किंग सॉलोमन्स माइन्स' सांगतो, 1950 चा, एमजीएम या हॉलिवुड कंपनीचा. मग चार दिवसांनी त्यांचा फोन येतो, "अहो, त्यात पार्श्वसंगीत आहेच कुठं?" हे इतक्यांदा झालंय की एकदा नीट सांगून टाकतो.

गोष्ट साधी आहे. 1897 सालची आफ्रिका. हिऱ्यांच्या खाणी शोधायला गेलेला नवरा परत आलेला नाही, म्हणून एलिझाबेथ कर्टिस ही इंग्रज बाई अॅलन क्वाटरमेन नावाच्या वाटाड्या-शिकाऱ्याला पाच हजार पौंड देऊ करते आणि भाऊ बरोबर घेऊन जंगलात शिरते. या भूमिकांत डेबोरा कर आणि स्ट्युअर्ट ग्रेंजर. रायडर हॅगर्डच्या 1885 च्या मूळ कादंबरीत प्रवासाला निघालेल्यांत बाईच नाही, तिथं भावाचा शोध आहे. पटकथा लिहिणाऱ्या हेलन डॉइच यांनी बाईला थेट वाटेवर आणलं. ते मला आवडतं, जरी ती रानात स्वतःचे केस कात्रीनं कापते आणि पुढच्याच क्षणी ते पार्लरमधून आल्यासारखे दिसतात, तरी.

पण या सिनेमात वाद्यवृंद नाही. त्या काळच्या हॉलिवुडमध्ये हे किती धाडसाचं होतं याची कल्पना करा. साहसपट म्हटला की पहिल्या चौकटीपासून तुताऱ्या आणि व्हायोलिनं. इथं आहेत ते आफ्रिकेतले ढोल, माणसांचं गाणं, पक्षी, किडे, गवत आणि पाऊल. चित्रीकरण केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग), बेल्जियन काँगो आणि रुआंडा इतक्या ठिकाणी झालं. छायाचित्रणाचं ऑस्कर रॉबर्ट सर्टीज यांना मिळालं, संकलनाचंही मिळालं. माझे मात्र त्यातल्या आवाजांनी कान भरून येतात.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. शिकारीत हत्ती पडतो. खरा हत्ती आहे आणि गोळीही खरी आहे. हे मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. पण पुढं काय होतं ते बघा. कळपातले दुसरे हत्ती त्याच्याजवळ येतात, सोंडेनं, सुळ्यांनी त्याला उठवू बघतात. तो उठत नाही. त्या जागी एखादी सारंगी लावली असती तर आपण रडलो असतो आणि रडून मोकळे झालो असतो. इथं रडायला कुणी सांगत नाही, त्यामुळे ते दृश्य दिवसभर सोबत राहतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना ते दाखवू नका.

मग गवताला लागलेली आग आणि जनावरांची पळापळ. आधी नुसती जमिनीची थरथर ऐकू येते. मग झेब्रे, हरणं, जिराफ, आणि आडोशाला अंग चोरून पडलेली माणसं. शेकडो खुरांचा तो आवाज कुठल्याही तबलजीला जमणार नाही.

हे बघितल्यावर मी कामात एक गोष्ट बदलली. एका नाटकात आई एकटी स्वयंपाकघरात बसते, मुलगा कायमचा गेलेला आहे, असा प्रसंग होता. दिग्दर्शकाला तिथं संगीत हवं होतं आणि मी वाजवलंही होतं, स्पूलवर क्यूच्या जागी पांढरी पट्टी चिकटवून तयार होतो. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री ती पट्टी मी काढली. विंगेत खराखुरा पंपाचा स्टोव्ह पेटवून ठेवला. त्याचा फुरफुर आवाज संपूर्ण प्रसंगभर, आणि शेवटी चावी सैल केली की फुस्सकन येणारी शांतता. पहिल्या प्रयोगाला त्या शांततेत प्रेक्षकांमधून एकही खोकला आला नाही. दिग्दर्शक विंगेत येऊन नुसते उभे राहिले.

आता माझ्या लेखी खरा खजिना, म्हणजे ढोल आणि नाच. तो पडद्यावर येतो शेवटी, आणि थोडाच वेळ. त्याआधी उंबोपा नावाचा उंच, अबोल माणूस काफिल्यात सामील झालेला असतो, जो आपलं बळकावलेलं राज्य परत घ्यायला निघालाय. ही भूमिका सिरियाक या रुआंडातल्या माणसानं केली. त्याच्या राज्याचे प्रसंग रुआंडातच टिपले आहेत, आणि तिथल्या राजदरबाराचे इंतोरे नर्तक त्यात नाचतात. डोक्यावर पांढऱ्या लांब तंतूंचे मुकुट, पायात घुंगरं, आणि ढोलांची गर्दी. किन्यारुआंडा भाषेत ढोलाला 'इंगोमा' म्हणतात, आणि राज्यालाही तोच शब्द आहे. मला हे बऱ्याच उशिरा कळलं. गडावरचा नगारखाना, झडणारी नौबत हे ज्यांच्या भाषेत आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उंबोपा राज्य घ्यायला निघालाय आणि सिनेमाभर ढोल वाजतायत. हॉलिवुडवाल्यांना हा अर्थ माहीत होता का, यावर मी विचार करत बसतो.

सिनेमानं त्या माणसांना देखावा म्हणूनच वापरलं, याबद्दल वाद नाही. गोरी माणसं बोलतात, काळी माणसं दिसतात. तरीही कॅमेऱ्यानं आणि मायक्रोफोननं जे टिपलं ते मोलाचं आहे, कारण पुढं तो राजदरबार राहिला नाही. 1959 मध्ये रुआंडात उलथापालथ सुरू झाली, हजारो तुत्सी, म्हणजे राजा ज्या समाजाचा त्या समाजातले लोक, देशोधडीला लागले, 1961 मध्ये राजेशाही गेली. आणि 1994 मध्ये तिथं झालेल्या तुत्सींच्या हत्याकांडाबद्दल मी काय सांगू. नाचताना हसणारे ते चेहरे बघताना मला दरवेळी आधी ते हत्याकांडच आठवतं, आणि मग मी डोळे मिटून फक्त ऐकतो.

तेव्हा तुम्ही बघाल तर मोठ्या पडद्याची वाट बघू नका, चांगले हेडफोन शोधा. खोलीतला पंखा बंद करा. आणि उंबोपाच्या गावात पोचल्यावर नर्तक ओळीनं पुढं येतात तिथं आवाज थोडा वाढवा, घुंगरं ढोलाच्या मागं, अगदी बारीक आहेत.