जागल

"रात्रभर जागता, पोरांना सल्ला एक देत नाही, नुसतं ऐकता. त्यानं होते तरी काय?" हे आईनं विचारलं, कॉलेजातल्या सरांनी विचारलं, एसटीत शेजारी बसलेल्या काकांनीही विचारलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही होस्टेलची आठ पोरं रात्री फोनवर दुसऱ्या पोरांचं ऐकून घ्यायचं हे काम करतो. रात्री दहा ते सकाळी सहा एक मोबाइल आळीपाळीनं दोघांकडे असतो. फोन करणाऱ्याचं नाव विचारत नाही, वहीत फक्त वेळ लिहितो. कल्पना आमची नाही. १९७० साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अशी रात्रीची फोनसेवा सुरू केली, नाव नाइटलाइन. ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, ही रीत तिथली.

मला मात्र ती रीत कळली बाबांच्या जागलीमुळे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही रात्रीतून वावर साफ करतात. लहानपणी बाबांसोबत मीही मचाणावर जायचो. दोन-अडीचच्या सुमारास थंडी हाडात शिरली की बाबा लांब आरोळी द्यायचे. धुऱ्यापलीकडून, अंधारातून, "होऽऽ" असं उत्तर यायचं. त्या "हो"मध्ये डुकरं हाकलायची कोणतीच युक्ती नसायची. पण ते ऐकलं की बाबा घोंगडी नीट ओढून घेत आणि पहाटेपर्यंत बसून राहत.

हे माहीत असूनही पहिल्याच महिन्यात मी चुकलो. एका पोराचे दोन विषय राहिले होते, शिष्यवृत्ती अडकली होती, मेसचे पैसे थकले होते. घरी कापूस विकून झाला होता, पण व्यापाऱ्यानं चुकारा दिला नव्हता. पाचव्या मिनिटाला मी म्हणालो, "टेन्शन नको घेऊ, विषय निघतात पुढच्या वेळी. बापाकडे पाहा जरा." तो म्हणाला, "बरं दादा," आणि फोन ठेवला. तो "बरं दादा" अजून कानातून जात नाही. दिवसभर जे सगळेच ऐकवतात, तेच मी रात्रीही ऐकवलं. वरून बापाचं नाव काढून त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढवलं.

पुढे एका रात्री सव्वादोनला फोन आला. ओळखू येईल असं काही सांगत नाही. "दादा, झोप येऊन नाही राहिली," एवढंच तो बोलला. मग काहीच नाही, मागे फक्त पंख्याची खरखर. "मी आहो इथंच," म्हटलं आणि थांबलो. आठ-दहा मिनिटांनी तो बोलायला लागला, तो तासभर थांबलाच नाही. मग मी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येते का मनात?" असं विचारलं तर तो विचार डोक्यात शिरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उलट माणसाला बोलायची वाट मिळते. तो रडायला लागला. "येते. आज नाही, पण येते. कोणी विचारलंच नव्हतं, दादा."

इथं नुसतं ऐकून भागत नाही. आम्ही डॉक्टर नाही. जिवाला लगेच धोका असेल तर गुपित ठेवत नाही, रेक्टर सरांना उठवतो, ११२ लावतो. हे फोन करणाऱ्यालाही सांगतो. त्याला मी टेलि-मानसचा १४४१६ नंबर लिहून घ्यायला लावला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली मानसिक आरोग्याची ही सरकारी फोनसेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मग म्हटलं, "रूम पार्टनरला उठवशील? फोन चालूच ठेव." खाटेची कुरकुर ऐकू आली आणि पाठोपाठ एक झोपाळलेला आवाज, "काय झालं बे? रडून काऊन राहिला?"

पार्टनर जवळ बसला, तरी त्यानं फोन ठेवला नाही. कधी बोलत होता, कधी गप्प. साडेपाचला मुक्कामी एसटी सुरू झाल्याची घरघर मला खिडकीतून आली आणि फोनमधूनही आली. म्हणजे तो इथंच होता, फार तर दोनशे पावलांवर.

"झोपा आता, दादा," तो म्हणाला.

"तू ठेव आधी," मी म्हटलं. वहीत लिहिलं: २.१५ ते ५.४०.