कॉलम लावू नका: स्टिल पॉलिमरायझेशनचा माझा अनुभव

स्टिल पॉलिमरायझेशन म्हणजे दोन बाजूंना टिन असलेला एक मोनोमर आणि दोन बाजूंना ब्रोमीन असलेला दुसरा, पॅलेडियम कॅटॅलिस्टने जोडत जोडत लांब साखळी बनवणं. पॉलिमर बनेना तेव्हा पहिला संशय पॅलेडियमवर घेतला. कॅटॅलिस्टची नवी बाटली उघडली, लिगँड (पॅलेडियमला धरून ठेवणारा रेणू) बदलला, क्लोरोबेंझीन पुन्हा डिस्टिल केलं, फ्रीझ-पंप-थॉ (द्रावण गोठवून त्यातली हवा काढणं) तीनऐवजी पाच वेळा केलं. फरक शून्य. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे माल कागदी थिंबलमध्ये ठेवून गरम सॉल्व्हंटने पुन्हापुन्हा धुण्याच्या उपकरणात, हेक्झेन आखूड साखळ्या काढतं आणि क्लोरोफॉर्म लांब. माझं हेक्झेनच गडद रंग घेऊन उतरायचं आणि क्लोरोफॉर्मची पाळी येईपर्यंत थिंबल जवळजवळ रिकामं. म्हणजे रंग होता, कॉन्जुगेशन (एकाआड एक दुहेरी बंधांची सलग रांग) होतं, पण साखळ्या आखूड.

ब्रोमीनवाला मोनोमर, म्हणजे डीपीपीचा (डायकीटोपायरोलोपायरोल या रंगद्रव्याचा) डायब्रोमाइड, सरळ झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोळ होता टिनवाल्या मोनोमरमध्ये, २,५-बिस(ट्रायमिथाइलस्टॅनिल)थायोफीनमध्ये, आणि तो माझ्याच हातून झालेला. शुद्ध करायचा म्हणून मी तो सिलिकाच्या कॉलममधून काढत होतो.

सिलिका आम्लधर्मी. थायोफीन आणि टिनमधला बंध तिच्यावर तुटतो आणि टिनच्या जागी हायड्रोजन बसतो. उरतो एकाच बाजूला टिन असलेला रेणू. तो साखळीच्या टोकाला जोडला गेला की ती साखळी तिथेच संपली. वैताग असा की शुद्धता पाहायची टीएलसीची प्लेटही सिलिकाचीच! शुद्ध मालसुद्धा तिच्यावर तुटून दोन ठिपके दाखवतो, आणि ते पाहून आपण आणखी एक कॉलम लावतो.

खरं काय ते एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनची ओळख पटवणारी चाचणी) सांगतो, पण त्यासाठीचं सॉल्व्हंट सीडीसीएल३ (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म) जुनं असेल तर त्यातल्या आम्लानेही टिन गळतं. ते बेसिक ॲल्युमिनातून गाळून घ्या किंवा सी६डी६ (ड्युटेरियमवालं बेंझीन) वापरा. सीडीसीएल३ मध्ये ०.३७ पीपीएमच्या आसपास मिथाइलचा उंच पीक, त्याच्या दोन्ही अंगांना टिनमुळे येणारे छोटे पीक (सॅटेलाइट), ७.३८ ला दोन प्रोटॉनचा एकच सिंगलेट (न फुटलेला पीक). ७.६ पाशी बारीकसा डबलेट (दोन भागांत फुटलेला पीक) डोकावला, तर तोच तो अर्धवट रेणू. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत मी त्याकडे काणाडोळा केला होता. साखळीची सरासरी लांबी काढायचं कॅरोथर्सचं गणित मांडलं असतं तर धाडस झालं नसतं: टिन आणि ब्रोमीन या दोन गटांच्या प्रमाणात २ टक्के तफावत असेल, तर रिॲक्शन पूर्ण होऊनही साखळीत सरासरी ९९ मोनोमर, ५ टक्के असेल तर ३९.

उपाय साधा निघाला. वर्कअपनंतर (रिॲक्शन थांबवून माल वेगळा केल्यावर) थेट गरम मेथेनॉलमधून दोनदा रीक्रिस्टलायझेशन, म्हणजे विरघळवून पुन्हा स्फटिक पाडणं. पांढऱ्या सुया मिळतात. थोडा माल मेथेनॉलमध्ये राहतो, त्याची हळहळ करू नये.

वजनाचंही सांगतो: या टिनवाल्या मोनोमरचे ०.२ मिलिमोल म्हणजे ८२ मिलिग्रॅम, त्यामुळे १ मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तरी सव्वा टक्का गेला. बोटाएवढ्या व्हायलमध्ये तोलून दुसरीकडे ओतू नका, रिॲक्शनच्या ट्यूबमध्येच तोला. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: हा मोनोमर बनवताना थायोफीनवर टिन बसवण्याआधी वापरायचं ब्यूटिललिथियम टायट्रेट करूनच (नेमकी तीव्रता मोजूनच) घ्या. लेबलवर १.६ मोलर असलं तरी बरेचदा उघडलेल्या बाटलीत तेवढं उरत नाही, आणि कमी पडलं की अर्धवट रेणू तिथेच तयार होतो. टिन ज्यातून येतं ते ट्रायमिथाइलटिन क्लोराइड उडून जाणारं आणि मज्जासंस्थेला घातक. फ्यूम हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, टिनचा कचराही वेगळा.

सुया हाती आल्यावर तोच जुना कॅटॅलिस्ट, तोच जुना लिगँड घेतला. द्रावण इतकं घट्ट झालं की चुंबक फिरेना. शेवटी आधी एकाच बाजूला टिन असलेलं थायोफीन, मग ब्रोमोथायोफीन घालून टोकं बंद केली, मेथेनॉलमध्ये पाडलं. या खेपेला सॉक्सलेटमध्ये हेक्झेन फिकट उतरलं. क्लोरोफॉर्मचा भाग सोडियम डायइथाइलडायथायोकार्बामेटसोबत ढवळून पॅलेडियम काढलं. जीपीसी (साखळ्यांचं वजन मोजणारी चाचणी) मात्र ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये, १४० अंशांना करून घ्या. साध्या तापमानाला असे पॉलिमर एकमेकांना चिकटतात आणि आकडा उगाच फुगतो.