बिननावाचा रकाना

आषाढ, संध्याकाळ

नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला. आता गणपती होईपर्यंत संगीतोपचाराचे तास सकाळीच घ्यायचे. आवाजाला बिचकणारी मुलं संध्याकाळी कान झाकूनच येतात आणि सगळा वेळ त्यांना शांत करण्यात जातो. गंमत म्हणजे यांतल्याच काहींच्या हाती टिपरू दिलं, की तोच आवाज त्यांना सोसतो. आवाज कधी येणार हे त्यांच्याच हातात असतं ना!

मुलांच्या नोंदवहीत हे कुठे लिहायचं? तिथे उद्दिष्ट असतं ‘डावा हात वापरणे’, आणि रकानेही तेवढ्यापुरतेच. म्हणून शेवटी एक बिननावाचा रकाना आखावा. घरचे लोक चप्पल घालता घालता जे बोलतात ते त्यात: बाहीत हात आपण होऊन घातला, बहिणीचं खेळणं ओढण्याआधी थांबला. पहिले महिने तो कोरा राहतो. राहू द्यावा.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाला टाळ थेट देऊ नयेत. दोरी बोटात रुतते, आवळलेली मूठ आणखी आवळते. रुंद इलॅस्टिकवर चार-पाच घुंगरं शिवून मनगटाला बांधावीत, किंवा खुळखुळ्याच्या दांड्याला क्रेप बँडेजचे जाड वेढे द्यावेत. डफ ठेवायचा तो कमकुवत हाताच्या बाजूला, कोपर थोडं उघडावं लागेल इतक्या अंतरावर. मग ओळ गायची, शेवटचा शब्द गाळायचा, त्या जागी मुलाने डफावर थाप द्यावी म्हणून, आणि मनात १० आकडे मोजायचे. बिघडतं ते इथेच. चौथ्या आकड्याला तास घेणाऱ्या ताईच शब्द म्हणून टाकतात, नाहीतर आई मुलाचा हात धरून वाजवते. हालचाल जुळवायलाच त्याला वेळ लागतो. तेवढ्यात त्याची पाळी मोठ्यांनी खाल्लेली असते. पाळीची वाट पाहणं मूल शिकतं ते याच शांततेत, आणि उद्दिष्टात त्याचा उल्लेखही नसतो.

पक्षाघातानंतरच्या चालीला आधी तालाविना मिनिटभर पावलं मोजावीत. ७२ भरली तर मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) ७२ वरच लावावा. चाल स्थिरावली की ७६. एकदम ९० नाही. तबलजी हौसेने केरवा ताल भरून वाजवतात, मग मधल्या बोलांवरही पाऊल पडू पाहतं आणि तोल जातो. कोरी थाप पुरे. शेवटची पाच मिनिटं ताल बंद करून चालवावं, नाहीतर सुधारणा खोलीतच राहते.

वाचा गेलेल्यांना ‘पाणी हवं’ दोन सुरांत म्हणायला लावतात, अक्षरागणिक डाव्या हाताची एक थाप. पद्धत १९७३ सालची, अमेरिकेतली. तिथल्या बोलण्यातला चढउतार मराठी वाक्यावर लादू नये. घरी म्हणतात तोच हेल थोडा ताणावा आणि पुढे हळूहळू सूर काढून घ्यावा. तो काढलाच नाही, तर माणूस पाणी गाऊनच मागत राहतो.

उद्या नऊ वाजता. घुंगरांचं इलॅस्टिक सैल झालंय, बदलणे.