दार नऊला लावणे

मी इंदूरची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग लहानपणी रात्री सराफ्यात काय काय खायचात?" मी "काही नाही" म्हणते आणि समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. तर आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात. म्हणजे सराफा जागा होतो, तेव्हा आमच्या रामबागेतल्या घराला अडसर लागलेला असे. आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्या संपल्या की अण्णा, म्हणजे माझे आजोबा, उठायचे. ठक्क. झालं.

अण्णा होळकर सरकारात कारकून. 1948 मध्ये मध्य भारत राज्य झालं, त्याची हिवाळ्यातली राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यातली इंदूर. दफ्तराबरोबर अण्णांचीही ट्रंक हिंडायची. 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग अण्णांची बदली. मुलांच्या शाळा इंदुरात, म्हणून आजी इथेच राहिली. भोपाळहून आलेली पोस्टकार्डं तिने पत्र्याच्या डब्यात जपली होती. मी वाचलीत ती. प्रेमाचा शब्द औषधालाही नाही. धाकट्याचा खोकला, फीचे पैसे, गहू निवडून ठेवले का, आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी, जागा उरली नसेल तर कडेला आडवी, एकच ओळ: "दार नऊला लावणे." निवृत्त होऊन आल्यावर ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, इतकंच.

हात उगारणं सोडाच, आवाजही चढवत नसत. काका एकदा शेवटचा शो बघून आला. आतून विचारणा, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

बिचाऱ्याला गल्लीत उभं राहून स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगावं लागलं. शेजारच्या खिडक्या उघडल्या. (दोन थपडा परवडल्या असत्या, असं तो अजून म्हणतो.)

अपवाद फक्त अनंत चतुर्दशीचा. त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाई केलेले चित्ररथ, निघत, आणि आम्हाला अण्णा स्वतः न्यायचे. लांबून रोषणाई दिसली की "ही हुकुमचंदची," म्हणून सांगत. बहुतेक वेळा बरोबर निघे. मध्येच काठीचं टोक एकेकाच्या डोक्याला टेकवून आम्हाला मोजत. परतताना भुट्ट्याचा कीस, दोघांत एक द्रोण. वाफाळलेला, वर लिंबू पिळलेलं. पहिला घास कुणी घ्यायचा यावरून आमची चुलत भावंडांत दरवर्षी जुंपायची. अण्णांना बाहेरचं वर्ज्य. ते पाठ करून उभे राहत.

आता मला कोण अडवणार? जाते की सराफ्यात. पण पोचते साडेआठला, तेव्हा सोनार अजून गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवत असतात. तुम्ही आलात तर माझ्या भाच्याबरोबर जा, तो अकराच्या आधी निघतच नाही. आणि थंडीत आलात तर गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेला कंद, चुकवू नका.