तुम्ही विचारलंत म्हणून: लढलो का नाही

लग्नाच्या पंगतीत विचारतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टपरीवर विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, "तुमची ती अमेरिकेची केस, तुम्ही लढलाच नाहीत म्हणे?" तोंडात कापूस होता म्हणून सुटलो. एरवी माझं उत्तर तयार असतं: "अहो, तेवढे पैसे कुठून आणायचे?" ते खरंही आहे. पण इतकी वर्षं तेच सांगतोय आणि दरवेळी सांगून झाल्यावर घशात काहीतरी अडकतं. तेव्हा एकदाच लिहून टाकतो. आमच्या भाकरी दाबायच्या मशीनमुळे त्यांच्या पेटंटचा भंग होतो अशी तक्रार तिकडच्या एका कंपनीने केली होती, आणि ते मशीन अमेरिकेत जायचं बंद झालं. केस म्हणतात ती हीच.

आधी एक दुरुस्ती. "कोर्टात हरले" म्हणतात ते चूक आहे. ते कोर्ट नव्हतंच. वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग म्हणून एक कार्यालय आहे. १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३३७ खाली तिथे तक्रार करता येते, की बाहेरून येणारा अमुक माल आमच्या पेटंटवर घाला घालतो. आयोग नुकसानभरपाई देत नाही, एक डॉलरही नाही. तक्रार पटली तर कस्टमला सांगतो, हा माल आत घेऊ नका. बस. पण निर्यातदाराला याहून मोठी शिक्षा दुसरी कुठली असणार?

आणि "गरिबालाच धरतात" असंही नका म्हणू. २०१७ मध्ये घर झाडणाऱ्या रोबोवरून आयरोबोटने अशीच तक्रार केली, तेव्हा त्यात नावाजलेले अमेरिकन ब्रँडही होते. डिसेंबर २०२३ मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजण्याच्या पेटंटवरून खुद्द अ‍ॅपलच्या काही घड्याळांची आयात थांबली. फरक एवढाच, की अ‍ॅपलने पुढच्या महिन्यात ती सोय काढून टाकून घड्याळं परत विकायला काढली. आमच्या भाकरीच्या मशीनमधून काय काढणार? बिजागरी काढली तर दोन तवे उरतात.

मशीन तुम्हाला ठाऊकच आहे, निम्म्या सोलापूरच्या नणंदा-भावजयांनी ते तिकडे नेलंय. गव्हाची पोळी कशीही दाबा, होते. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही. वरची थाळी एका अंगाने आधी टेकली की पीठ पुढे ढकललं जातं आणि कडा फाटतात. थाळी शेवटच्या बोटभर अंतरात सरळ खाली यायला हवी. त्यासाठी आम्ही बिजागरीच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवलं. सगळी करामत त्या भोकात. न्यू जर्सीतला एक दुकानदार वर्षाला एखादा कंटेनर मागवायचा आणि आमचं बरं चाललं होतं.

जानेवारी २०१८. नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली होती आणि पोरं पाळण्यात बसायला नेण्यासाठी माझ्या मागे लागली होती. तेवढ्यात कुरिअरवाला आला. पाकीट कसलं, वीटच होती. मी वर्कशॉपच्या टेबलावर फोडली. तक्रार, आयोगाची नोटीस, पेटंटची प्रत, आणि मग एक तक्ता. डाव्या रकान्यात पेटंटच्या क्लेममधला, म्हणजे हक्क सांगितलेल्या रचनेच्या वर्णनातला, एकेक तुकडा, उजव्या रकान्यात आमच्या मशीनचे फोटो, त्यावर लाल बाण. त्यांनी आमचं मशीन दुकानातून रीतसर विकत घेतलं होतं. पावतीसुद्धा जोडली होती. मग ते पूर्ण खोललं होतं. बाबांनी स्वतः कानस मारलेली बिजागरी पांढऱ्या कागदावर उताणी पडली होती, शेजारी मोजपट्टी.

बाबा तेव्हा सत्तरीचे. हयात पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून गेली. चष्मा लावून त्यांनी एकेक फोटो बघितला आणि म्हणाले, "फोटो झकास काढलेत बे. आपल्या कॅटलॉगला असे नाही जमले."

मी म्हटलं, "बाबा, ते म्हणतायत हे चोरलंय."

त्यांनी चष्मा काढला. "कुणी?"

कुणी म्हणतंय, की कुणी चोरलंय, काय विचारायचं होतं मला कळलं नाही. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण फोटोचं ते पान नीट सरळ करून गठ्ठ्यात परत ठेवलं आणि हात पुसत उठून गेले. पोरांना त्या संध्याकाळी गड्ड्यात त्यांनीच नेलं.

उत्तर द्यायला वीस दिवस असतात, परदेशी टपालासाठी थोडे जास्त. त्यातले नऊ दिवस मी "बघू" म्हणत घालवले. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठली आणि फोर्टमधल्या एका वकिलांकडे बसलो. सज्जन माणूस. त्यांनी सरळ सांगितलं: शेवटपर्यंत लढायचं तर खर्च डॉलरमध्ये सात आकडी, निकालाला साधारण दीड वर्ष. दुसरा रस्ता संमती-आदेश. यापुढे हा माल पाठवणार नाही असं लिहून द्यायचं, दोष मान्य न करता बाहेर पडायचं. आमच्या न्यू जर्सीवाल्या दुकानदाराने तेच केलं, "भाई, मैं तो निकल गया" असा त्याचा निरोपही आला. तिसरा रस्ता गप्प बसायचं. पण गप्प बसलात तर तक्रारीत लिहिलेलं सगळं खरं धरलं जातं.

मग वकिलांनी सहज विचारलं, "त्यांचं मशीन तुम्ही आधी कधी पाहिलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

हे खोटं होतं.

२०१५ च्या दिवाळीत अक्का आणि दाजी आले तेव्हा दाजींनी तिकडचं मशीन आणलं होतं, "बघ, गोरे लोक टॉर्टिया कशी लाटतात." पाडव्याच्या दुपारी जुनी चादर अंथरून मी आणि बाबांनी ते खोललं. चार स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले होते, ते शोधण्यातच अर्धा तास गेला. आमचं मशीन तेव्हा होतं, पण भाकरीच्या कडा फाटत होत्या. लांबट भोक त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं.

आता लगेच "अच्छा, म्हणजे..." करू नका. त्यांच्या मशीनमध्ये लांबट भोक नव्हतंच. स्प्रिंगवर तोललेली थाळी होती. आणि लांबट भोक म्हणजे काय, लूमच्या प्रत्येक ब्रॅकेटला असतं, पट्टी मागे-पुढे सरकवून कसायला. बाबांनी अशी हजारो पाहिलीत. पण थाळी तरंगती ठेवायची ही कल्पना चादरीवर पसरलेल्या त्या मशीनमधून आली की लूमवरून, ते मला आज सांगता येत नाही. तेव्हाही आलं नसतं.

मुदतीत मी काहीच उत्तर पाठवलं नाही. मार्चमध्ये दुसरं पाकीट आलं. हे पातळ होतं. तुम्हाला गैरहजर का ठरवू नये याचं कारण दाखवा, असा त्यात आदेश. म्हणजे दार अजून किलकिलं होतं. मी ते ड्रॉइंगांच्या खालच्या खणात सरकवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. बाबांना आजही वाटतं की पाकीट एकच आलं. पैसा ही अडचण होतीच, पण दोन ओळींचं पत्र लिहायला पैसे लागत नव्हते. मला भीती होती त्या एका प्रश्नाची. तिथे पक्षकारांना एकमेकांची कागदपत्रं मागता येतात, शपथेवर जबानी घेता येते. मला दिसत होतं की कुणीतरी बाबांना विचारतंय, तुम्ही ते खोललं होतं का? आणि बाबा खोटं बोलत नाहीत. संमती-आदेशावरही सही केली नाही, कारण सही म्हणजे कबुली असं डोक्यात बसलं होतं. दोष मान्य न करता सही करता येते हे वकिलांनी मराठीत सांगूनही.

पुढच्या वर्षी आदेश निघाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे फाइल साठ दिवस असते, तोवर बाँड, म्हणजे हमीची रक्कम, भरून माल नेता येतो. आमचा बाँड मालाच्या किमतीच्या शंभर टक्के. पॅक करून ठेवलेली ४८० मशीनं एमआयडीसीतून हललीच नाहीत.

त्याच्याही नंतर पुण्याच्या एका पेटंट एजंट बाईंना फी देऊन मी ते सगळं दाखवलं. त्यांनी क्लेम वाचला, बिजागरी हातात घेतली, दोनदा उघड-मीट केली. त्यांचा पहिला मुद्दा ऐकून मी खुर्चीत मागे टेकलो. पेटंटभंग झाला की नाही हे ठरवताना तुम्ही त्यांचं मशीन पाहिलं होतं का, हा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या डोक्याने शोधलेलं असलं तरी क्लेममधली प्रत्येक गोष्ट जुळली की भंग. समोर ठेवून नक्कल केली असली तरी एक अंग जुळत नसेल तर भंग नाही. क्लेममध्ये स्प्रिंग आहे. आमच्यात स्प्रिंग नाही.

"म्हणजे आम्ही जिंकलो असतो?"

"तसं नाही," बाई म्हणाल्या. वेगळा भाग तेच काम त्याच पद्धतीने करून तोच परिणाम देत असेल, तर तो समतुल्य धरता येतो. भोक हे स्प्रिंगला समतुल्य आहे का, यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भांडले असते. कुणी सांगावं?

त्या रात्री परतीच्या गाडीत मी २०१८ च्या स्वतःशी भांडलो. त्याचं म्हणणं, तुला आता कळलं, मला तेव्हा कोण सांगणार होतं? वकील सांगणार होते, गाढवा, तू खरं बोलला असतास तर. त्यावर तो म्हणतो, आणि ती सात आकडी रक्कम? इथे मी गप्प होतो. मग तोच पुढे सरकतो: हा कायदाच परक्यांविरुद्ध आहे, १९८९ मध्ये गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पंचांनीही कलम ३३७ परदेशी मालाला दुजाभाव करतं म्हणून ठपका ठेवला होता. बरोबर, पण १९९४ मध्ये अमेरिकेने त्या कलमात बदलही केले. शिवाय सोलापूरच्या नावावर परगावची चादर खपवली की जीआयचा, म्हणजे भौगोलिक ओळखीच्या नोंदणीचा, कागद नाचवत आपणच ओरडतो ना? तेव्हा दुजाभाव आठवत नाही.

काहीजण विचारतात, आपल्याकडे उलटं करता येईल का, चिनी मशीनं न्हावा शेवालाच अडवता येतील का? २००७ च्या नियमांनी कस्टमकडे पेटंटची नोंद करता यायची. मला पाकीट आलं त्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, पेटंट त्यातून वगळलं. आता कोर्टात जावं लागतं. तसंही माझ्याकडे पेटंट कुठे आहे? लांबट भोकाचं काढावं असं एकदा डोक्यात आलं होतं. अर्जात आधीपासून माहीत असलेली तशी यंत्रं नमूद करायची असतात असं कळलं आणि मी फॉर्म मिटला.

त्या कंपनीने भारतात पेटंट घेतलेलं नाही, त्यामुळे इथे आम्ही तेच मशीन आजही विकतो. प्रदर्शनात कुणीतरी हमखास म्हणतं, "हेच ना ते, अमेरिकेत बंदी असलेलं?" आणि घेऊन जातं. आई मात्र अजून हातानेच थापते.

बाबा हे वाचणार नाहीत, पण अक्का वाचेल आणि तिचा फोन येईल. दुसऱ्या पाकिटाचं बाबांना ती सांगेल की मी सांगू, ते त्या फोनवर ठरेल. दाताच्या डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय, रूट कॅनाल निम्मं राहिलंय. त्यांना हे आधीच पाठवून ठेवतो.