झिजलेला ॲनोड बघितला की मला बरं वाटतं

पुण्यात बसून समुद्राखालच्या पाइपलाइनचं काम करते म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "खाऱ्या पाण्यात लोखंड टिकतं कसं गं? पेंट भारी असेल ना?" पेंट म्हणजे कोटिंग असतंच, त्यावर वजनासाठी काँक्रीटही असतं, पण पाइप टाकताना कुठेतरी खरचटतंच, वेल्डिंगच्या जॉइंटपाशी कच्चं राहतं, आणि मुंबई हायपासून उरणपर्यंत येणाऱ्या लाइनसारखं लांबचं अंतर असलं की अशा जागा राहणारच. तिथे पाइप वाचवतो तो करंट.

लोखंड गंजतं तेव्हा त्यातून करंट पाण्यात जातो आणि जाताना लोखंड घेऊन जातो, 1 अँपिअर वर्षभर गेला तर साधारण 9 किलो लोखंड गेलं! आमचं काम म्हणजे पाण्याकडून पाइपकडे करंट ढकलायचा. जेट्टीवर वगैरे रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं यंत्र, लावतात, मायनस पाइपला आणि प्लस ॲनोडला, म्हणजे ज्यातून करंट पाण्यात जातो त्या तुकड्याला. हे उलटं जोडलं तर पाइपच ॲनोड होतो आणि आपणच आपल्या हाताने त्याला खायला लावतो, म्हणून केबलला टॅग असला तरी स्विच टाकायच्या आधी पोलॅरिटी मीटरने तपासायचीच, यात मी कुणाचंही ऐकत नाही.

समुद्राच्या तळाशी सप्लाय कुठून आणणार, मग तिथे ब्रेसलेट ॲनोड. ॲल्युमिनियम, झिंक आणि थोडं इंडियम असलेल्या दोन अर्ध्या कड्या पाइपभोवती बसवतात आणि केबलने स्टीलला जोडतात. सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्सवर, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या ठरावीक इलेक्ट्रोडच्या तुलनेत, स्टील -0.80 व्होल्ट किंवा त्याखाली ठेवायचं असतं, ॲनोड असतो -1.05 च्या आसपास, त्यामुळे करंट आपोआप वाहतो आणि पाइपऐवजी ॲनोड झिजत जातो. फार खाली गेलं, -1.1 च्याही पलीकडे, तर हायड्रोजन तयार होऊन हाय स्ट्रेंग्थ स्टीलला तडे जायची भीती. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे करंटमुळे उघड्या स्टीलजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथे चुन्याचा पांढरा थर बसतो, मग करंट कमी लागतो. समुद्रच मदतीला येतो!

1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा असाच लोखंड-जस्ताचे तुकडे लावून वाचवला होता. तांबं वाचलं, पण विरघळणं थांबल्यावर त्यावर शेवाळ-शिंपले चढले आणि जहाजं मंदावली.

आरओव्हीच्या, म्हणजे पाण्याखाली सोडलेल्या रिमोटवरच्या यंत्राच्या, व्हिडिओत जुन्या लाइनवर ॲनोड कोरा करकरीत दिसला की बघणारे खूश होतात, "अगदी नव्यासारखा आहे" म्हणतात. माझ्या पोटात मात्र गोळा येतो, कारण तिथेच पाइपचं रीडिंग -0.65 च्या आसपास असेल तर बहुतेक केबल तुटलीय आणि ॲनोड नुसताच लटकतोय. खड्डे पडलेला, अर्धा संपलेला ॲनोड दिसला की मी निश्चिंत असते.

स्टीलच्या टाकीच्या बऱ्याच गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो, तोही हेच काम करतो. बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारांच्या पाण्यात तो भराभर संपतो, आणि रॉड संपला की टाकीची पाळी. पुढच्या सर्व्हिसिंगला तेवढा रॉड बाहेर काढून दाखवायला सांगा, नुसती तार उरली असेल तर लगेच बदलून घ्या.