चिल्लरमोजणी, भाग ६: दहाचं नाणं अखेर दहाचं निघालं

फोटोतली नाणी ओळखून चिल्लर मोजणारा प्रोग्रॅम लिहितोय. काल रात्री साडेअकराला पहिल्यांदाच अख्खा ट्रे बरोबर आला. ४३ नाणी, ४३ वर्तुळं, एकही भूत (नाणं नसताना दिसलेलं वर्तुळ) नाही. बाबा शेजारीच होते. म्हणाले, "एवढ्या वेळात मी हाताने तीनदा मोजली असती." असो.

दहाचं नाणं रुपयाहून बारीक का ठरतं, यावर तीन आठवडे डोकं आपटत होतो. आधी खापर उजेडावर फोडलं आणि ऑनलाइन रिंग-लाइट मागवला. तो इतका लुकलुकतो की दर फ्रेमला कडा बदलतात. पैसे पाण्यात. टेबल लॅम्पवर ट्रेसिंग पेपर चिकटवला, तो त्याहून सरस निघाला.

दोष उजेडाचा नव्हताच. ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या लायब्ररीतलं हफ-ग्रेडियंट (कडांवरून वर्तुळं शोधायची पद्धत) आधी केंद्र शोधतं आणि मग त्या केंद्राला एकच त्रिज्या देतं. दहाच्या नाण्यात पिवळी कडी आणि पांढरी चकती, दोघींचं केंद्र एकच. बाहेरची कड वापरून झिजलेली, आतली सीमा ठसठशीत. त्यामुळे दर वेळी आतलीच निवडून यायची. पॅरामीटर कितीही फिरवले तरी हे सुटणार नव्हतं. (त्यांना 'परॅम१', 'परॅम२' अशी नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय.)

मग वाटलं, ग्रेडियंटची दिशा, म्हणजे कडेवर उजेड कुठल्या बाजूला वाढतो ते, बघू. कापड काळं, म्हणजे बाहेरच्या कडेवर उजेड आतल्या बाजूला वाढतो. छान कल्पना, दोन संध्याकाळी घालवल्या. पण पिवळ्या कडीवरून पांढऱ्या चकतीत जातानाही ग्रे इमेजमध्ये उजेड वाढतोच! दिशा दोन्हीकडे तीच. रद्द.

शेवटी दुसरा टप्पा स्वतः लिहिला. केंद्रं द्विमितीय ॲक्युम्युलेटरमध्येच काढतो (कडेचे बिंदू संभाव्य केंद्रांना मतं देतात, तो तक्ता). १२८० × ९६० च्या फोटोत ६० त्रिज्यांसाठी त्रिमितीय केला तर ७ कोटी ३७ लाख खाने होतात, माझ्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. मग प्रत्येक केंद्राभोवती अंतरांचा हिस्टोग्राम, म्हणजे किती अंतरावर कडेचे किती बिंदू याची मोजदाद. प्रत्येक त्रिज्येची मतं परिघाने भागायची आणि ज्यांना ६० टक्क्यांच्या वर आधार आहे त्यांतली सर्वांत बाहेरची घ्यायची. सावलीची कड आणखी बाहेर असते खरी, पण ती एकाच बाजूला, जेमतेम अर्धा परिघ. आपोआप बाद.

वीसच्या नाण्याची धास्ती होती. त्याला बारा बाजू. सरळ बाजूचे लंब केंद्रात न भेटता आजूबाजूला पसरतात. ५० पिक्सेल त्रिज्येला १३ पिक्सेलपर्यंत. केंद्राचं शिखर पार चपटं व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण आतली चकती गोल आहे आणि केंद्र तिनेच धरून ठेवलं! दहाला छळणारी तीच आतली सीमा वीसच्या मदतीला आली. हे बघून मी एकटाच हसत बसलो.

मात्र रुपयांची बेरीज अजून चुकते, कारण नाणं किती रुपयांचं हे आकारावरूनच ठरवतो. २०११ च्या मालिकेतला पाच २३ मिमीचा, २०१९ चा दोनही २३ चाच. जुना दोन २५, नवा पाच २५. दहा आणि वीस दोन्ही २७. पुढच्या वेळी त्रिज्या अर्ध्या पिक्सेलपर्यंत नेमकी करणार होतो, पण इथे तिचा काय उपयोग?

हे लिहितानाच सुचलं: कडेच्या जरा आतला पट्टा घेऊन फक्त त्याचा रंग बघायचा. जुना पाच पिवळा, नवा दोन पांढरा. जुना दोन पांढरा, नवा पाच पिवळा. दहाची कडी पिवळी, वीसची पांढरी. तिन्ही जोड्या एका फटक्यात! त्रिज्या नेमकी करायला कासाची पद्धत की टाउबिनची, हा वाद मग पुढे ढकलला.

बाबांना सांगितलं, तर त्यांनी गल्ल्यातून हस्तमुद्रेचा २००७ चा दोनचा काढून समोर ठेवला. पांढरा, २७ मिमी. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी वीसच. फक्त त्याला आतली चकती नाही... थांबा, दुसऱ्या टप्प्यात मी फेकून देतो ती आतली त्रिज्या जपून ठेवावी लागणार.